भरताची वांगी आणि लाल पुरचुंडी

समस्त खानदेशाच्या इभ्रतीचा प्रश्न होता! धुळ्याच्या साखरपुड्याला लागणारी भरताची वांगी माझ्या पिकअपमध्ये होती, पंगतीची वेळ जवळ आली होती आणि पारोळ्याजवळच्या चढावर गाडी काळा धूर ओकत दमली.

तिथल्या मिस्त्रीने आधी टोपी काढली, मग देवळाचं दार उघडावं तसं बॉनेट उघडलं. डोळे मिटून त्याने चालू इंजिन ऐकलं, हवेच्या नळीच्या तोंडाशी तळवा धरला आणि तिथे घट्ट बांधलेली लाल पुरचुंडी सोडली. गाडी लगेच डरकाळली.

पुरचुंडीत मीठ-मोहरी होती. नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनेच ती गुपचूप बांधली होती. मिस्त्रीने दोन्ही हातांनी ती तिला अदबीने परत दिली आणि न राहवून म्हणाला, "अक्का, नाक बांधीसन तुम्ही तरी पळशात का?"