फोटोच्या मधोमध

अर्पितानं तो फोटो पुसून टाकला असेल का, हा किडा काही केल्या निशिगंधाच्या डोक्यातून जात नव्हता. सीतादहीचा दिवस होऊन आठवडा उलटला आणि लेकीचा एकही फोटो आला नव्हता. एरवी रोज सकाळी चहाआधी यायचा.

अर्पिता तिची एकुलती एक. राळेगावला माहेरी होती तेव्हापासून तिला फोटोचं वेड. पण फोटो कसे, तर मावशीच्या डोक्यातून मोबाइलचा टॉवर उगवलेला आणि बाबांचे पाय गायब! "माणूस मधोमध घ्यावा, पाय कापू नये," हे निशिगंधानंच तिला शिकवलं. स्वतः ती केस विंचरून, पदर सारखा करून बरोब्बर मधोमध उभी राही, श्वास रोखून.

लग्न होऊन महागावला गेली आणि अर्पिताचे फोटो बदलले. फोनवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी लावून ती आता माणसाला बाजूच्या रेघेवर ठेवी, तो बघतो तिकडची जागा मोकळी सोडी. मागं खांब आला तर स्वतः सरके. उन्हाची तिरीप हवी तिथं येईस्तोवर थांबे. जो तो वाखाणी. निशिगंधाही वाखाणी, पण आतून जळे. कारण प्रत्येक चांगल्या फोटोत इंदूबाई होत्या, अर्पिताची सासू. तूर पाखडताना, पोळी लाटताना, नाहीतर नुसत्याच खिडकीशी बसलेल्या. नऊ महिने पोटात वागवलं कुणी, आणि फोटोत कोण!

सीतादहीला, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभात शिंपडायला, लेक माहेरी आली ती सासूला घेऊनच. निशिगंधा ठेवणीतली साडी नेसून वाटी हातात धरून उभी राहिली.

"आई, इकडं नको ना पाहू. तू तुयं काम कर."

"कामच तर करून राह्यली," म्हणत निशिगंधा आणखीच ताठ झाली.

अर्पितानं फोन खाली घेतला. तिकडं इंदूबाई कपाशीच्या ओळीत बसून एक फुटलेलं बोंड न्याहाळत होत्या. लेक लगेच गुडघ्यांवर टेकली आणि टिपलाच फोटो.

निशिगंधानं वाकून पाहिलं. "विहीणबाईले कोपऱ्यात काहून टाकलं व?" ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

इंदूबाई खळखळून हसल्या. "अवो, मले कोपऱ्यातच बरं. मंधात उभं राह्यलं का पुन्हा लगन लावून राह्यले असं वाटते!"

निशिगंधाचे यजमान घनश्यामरावही हसले. वर म्हणाले, "पहिली मूठ विहीणबाईंच्या हातून पडू द्या. त्यांचा मान."

मान! भात रांधला निशिगंधानं, विरजण तिचं, लेक तिची. इंदूबाईंनी वाटी घेऊन मूठ भरली. अर्पिता तिरपी वाकून थांबली. ऊन नेमकं त्या हातावर आलं. मूठ उघडणार तोच निशिगंधा झेपावली.

"द्या इकडं!"

वाटी उडाली. दहीभात इंदूबाईंच्या पदरावर, कपाशीवर, मातीत. त्याच क्षणी फोटो निघाला.

"आई!" अर्पिता ओरडली.

"राहू दे, कपाशीले पोचलं ना," म्हणत इंदूबाईंनी पदर झटकला. पण जेवणं कशीबशी उरकली आणि संध्याकाळच्या एसटीनं दोघी परत गेल्या.

आठवलं की निशिगंधाचे कान अजून तापत. तो फोटो पुसलेलाच बरा, असं तिला आधी वाटे. आपला असा अवतार कुणी बघू नये. पण आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचा हात थांबला. पदर घसरलेला, केस सुटलेले, कॅमेऱ्याचं भान नाही. इंदूबाई फोटोत असतात तशीच त्या एका फोटोत आपण असणार. लेकीच्या हातचा आपला असा दुसरा फोटोच नाही. आणि तोही पुसला असेल तर?

घड्या तशाच टाकून तिनं फोन घेतला. आधी म्हणायचं, इंदूबाईंकडे दे, मले त्यांची माफी मागायची आहे. मग लेकीला सांगायचं, तो फोटो पुसू नको, पाठव. दुसऱ्या वेच्याला या, दोघीही या. फक्त बाजूची ती चांगली रेघ या खेपेला माझी.

तिनं महागावचा नंबर लावला.