थप्पीच्या मधली पोती

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. कलेक्टर कचेरीची पाटी रंगून तयार होती, नळाला मात्र आठ-आठ दिवस थेंब नव्हता. अशा गावात माझी नोकरी होती बोटीवर चढणारा माल तपासून दाखला देण्याची. मी तोवर समुद्र पाहिलाही नव्हता, आणि हे मी हसत हसत सगळ्यांना सांगायचो.

इथल्या गिरणीतली शेंगदाण्याची पेंड मुंबईहून परदेशी जायची. ओलसर पेंड पोत्यात आपोआप तापते. बोटीच्या पोटात ती धुमसू लागली की तिथे श्वास घेता येत नाही. म्हणून थप्पी फोडायची, मधली पोती ओढून काढायची, त्यांत थर्मामीटर खुपसायचा आणि मगच सही करायची. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

त्या उन्हाळ्यात गिरणीमालक रोज माझ्या घरी पाण्याचं एक पिंप पाठवायचा. मी मागितलं नव्हतं. नकोही म्हणालो नव्हतो. हे कशाबद्दल, असं बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, माणुसकी.

एके दिवशी ट्रक दारात उभे होते, पोती चढवणं सुरूही झालं होतं आणि मालकाला घाई होती. मी बाहेरच्या चार पोत्यांत थर्मामीटर घातला आणि कागद पुढे ओढला. तेवढ्यात पोती वाहणारा म्हातारा हमाल जवळ आला.

“साहेब, मधली पोती तापलीत. पाठ भाजायलीय.”

मी थर्मामीटर त्याच्यापुढे नाचवला आणि म्हणालो, तुझ्या पाठीपेक्षा हा हुशार आहे. बाकीचे हमाल हसले. मी सही ठोकली.

महिन्याभराने मोठ्या कचेरीतले साहेब चौकशीला आले. भर समुद्रात पेंड धुमसली होती. बघायला खाली उतरलेला एक खलाशी बेशुद्ध पडला, त्याला दोरीने वर ओढावं लागलं. कुणी आधी सांगितलं होतं का, असं साहेबांनी विचारलं. हमाल समोरच उभा होता. मी म्हणालो, नाही. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली, आणि माझी नोकरी वाचली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे लिहितानाही शरम वाटते.

जीप गेल्यावर तो माझ्याकडे आला. आता हा काहीतरी मागणार, म्हणून मी खिशात हात घातला.

“साहेब, त्यो खलाशी जगला का?”

मला माहीत नव्हतं. चौकशी तासभर चालली होती, आणि मी ते विचारलंच नव्हतं.