बिननोंदीचे पट्टे

माझे मोठे जावई बस दुरुस्तीच्या कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर सांभाळत. माणूस भला, नको तेवढा भला. मिस्त्री खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊ, इंजिनचा पट्टा द्या, गाडी अडलीय," की हे आधी पट्टा देणार, कॉम्प्युटरवर नोंद मागाहून. मागाहून म्हणजे बहुधा कधीच नाही. अडीनडीसाठी गाड्यांतून उतरवलेल्या, पण अजून चालतील अशा जुन्या पट्ट्यांचे डबेच्या डबे भरून ठेवले होते.

मग कंपनीने एक शिकलेल्या बाई आणल्या. कुठला माल किती ठेवायचा याचं गणित त्या बसवणार, आणि ते गणित पोसायचं कॉम्प्युटरमधल्या नोंदींवर. नोंदीत तर पट्टे खपतच नव्हते. गणित म्हणालं, मागवू नका. वर गणिताला आणखी माहिती हवी, म्हणून कॉम्प्युटरवर रकाने वाढवले: गाडी कुठली, मिस्त्री कोण, कारण काय. ते भरेपर्यंत बाहेर मिस्त्र्याचा जीव खालीवर. जावई डब्यातूनच जास्त देऊ लागले. खप दिसत नाही म्हणून शेवटी कंपनीने पट्टा कॉम्प्युटरमधल्या यादीतूनच काढून टाकला. आता नोंद करावीशी वाटली तरी जागा नाही.

डबे संपले, गाड्या उभ्या राहिल्या. गणिताचा पुढचा निकाल आला: इथून माल जातच नाही, स्टोअर बंद करा.

मी म्हटलं, "जावईबापू, बाईंना सांगून तर बघा."

"सांगितलं, आई. म्हणाल्या, पटतंय मला. पण लोकांची अडचण तुम्हीच कधी दिसू दिली नाहीत, आता वरच्यांना काय दाखवू?"

"आणि मिस्त्री? त्यांनी बोलावं की."

"गेले होते वरच्यांकडे. तिथे उलट त्यांनाच विचारलं, बिननोंदीचा माल घेतलात कसा? तेव्हापासून सगळे गप्प."

लेक आतून म्हणाली, "अहो, जगाचं भलं करून झालं असेल तर जेवायला बसा."

स्टोअर बंद झालं. या वयात नवं काम शोधणं आलं. एके ठिकाणी बोलावलं, तर तिथेही तसलंच गणित. तुमच्या हातून वर्षाला किती माल जायचा, असं विचारलं. कागदावर दाखवायला फक्त कंपनीच्या कॉम्प्युटरमधला आकडा, तो जवळजवळ शून्य. तो बघून समोरच्या माणसाने चहा पाजला आणि वाटेला लावलं.

लेकीने दारातच विचारलं, "काय झालं?"

चपला काढत म्हणाले, "चहा बरा होता."