अझैब्यातलं होमकमिंग

मी गाव सोडलं तेव्हा आई रडली नाही, चिडली. एसटी सुटायला आली होती, कंडक्टर ओरडत होता आणि माझी बॅग काही केल्या टपावर चढेना. "एवढी काय दगडं भरलीस रे?" म्हणून तिनं सगळा राग त्या बॅगेवर काढला. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीतून परदेशी जाणारा मी पहिलाच. बाबा खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "जाय. तिकडं वाळवंटात कुणाला कुणाची सावली मोजायला येळ नसतो म्हणं."

तुम्ही गावाकडचे, तुम्हाला ते वाक्य समजावून सांगायला नको. आणि तुम्ही जे माझ्यासारखेच निघून आलात, तुमच्याही बापानं असंच काहीतरी सांगितलं असणार. मी ते मस्कतला घेऊन आलो आणि इतकी वर्षं त्यावरच जगलो.

सुरुवातीला मस्कतच्या रुवी भागात सहाजण एका खोलीत. आता अल अमेरातला डोंगराच्या पायथ्याशी फ्लॅट आहे, खाली पार्किंग आहे, बायको सुनीता बँकेत आहे. मी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इलेक्ट्रिकलचं काम बघतो. हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे. एकुलती एक लेक प्रज्ञा इथंच जन्मली, इंडियन स्कूलमध्ये शिकली. मराठी बोलते, पण शब्द शोधत शोधत, अंधारात चप्पल शोधावी तशी. वस्ती गावाबाहेरच का होती, आजी कुणाच्या शेतात राबली, हे मी तिला कधी सांगितलं नाही. जो काटा पोरीच्या पायात रुतलाच नाही, तो मुद्दाम काढून दाखवायचा कशाला? हे माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं ठामच असतात, हे सुनीताला विचारा.

प्रज्ञा बारावीला होती तेव्हाची गोष्ट. तिला अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचं होतं. मार्क असे की मी मनातल्या मनात मोठमोठ्या नावांच्या विद्यापीठांचे टी-शर्ट घालून फिरत होतो. आणि एके दिवशी जेवताना ही म्हणते, "बाबा, मी एकाच ठिकाणी अप्लाय करणार." कॉलेजचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. फोनवर शोधलं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, गुलामी संपल्यावर काळ्या लोकांच्या मुलांसाठी उभं राहिलेलं कॉलेज.

माझा घास हातातच राहिला.

हे खूळ कुठून आलं ते लगेच कळलं. आमच्या प्लांटच्या कन्सल्टंट, डेलोरेस मॅडम. काळ्या अमेरिकन बाई, स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांच्याकडून ड्रॉइंग पास होऊन आलं की आमचे ओमानी साहेबसुद्धा "खलास", म्हणजे झालं काम, म्हणतात, पुढं कुणी बघत नाही. प्रज्ञानं सुट्टीत त्यांच्या ऑफिसात दोन महिने काम शिकून घेतलं होतं. मॅडम त्याच कॉलेजातून शिकलेल्या.

मी भांडलो, चांगला कडाकडा भांडलो. म्हटलं, "अगं, मीपण आपल्या लोकांसाठी काढलेल्या कॉलेजातच शिकलोय. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आम्ही त्या दारातून गेलो कारण दुसरी दारं बंद होती. तुला सगळी उघडी आहेत. मग पुन्हा वेगळ्या दारानं का? यासाठी मी इथं येऊन हाडाची काडं केली?"

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, उघडी नाहीयेत. फक्त तुम्हाला दिसत नाहीत." आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून मी सुन्नच झालो. तिच्या वर्गात, इथं, मस्कतमध्ये, मैत्रिणी डबा खाताना बोलायच्या, इंडियात त्या रिझर्व्हेशनवाल्यांमुळे आपल्या सीट जातात, ती माणसं मुळात लायकच नसतात. मग एकीनं हिला विचारलं, "तुझं सरनेम नक्की कुठलं गं? माझी आई विचारत होती." प्रज्ञा नववीत होती तेव्हा. त्या दिवसापासून पहिला नंबर आला तरी तिला वाटायचं, आता कुणीतरी हिशेब विचारणार.

"डेलोरेस मॅम म्हणाल्या, त्या कॉलेजात चार वर्षं कुणी विचारलं नाही की तू इथे कशी काय. सगळा वेळ नुसता अभ्यासात गेला. बाबा, मला ती चार वर्षं पाहिजेत."

सावली विमानात बसून आली होती आणि माझ्या घरात तीन वर्षं राहत होती. मला पत्ता नाही! सुनीताला तरी कुठं होता? ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून रडत होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. मुलीचं दुखणं खरं, पण औषध हेच कशावरून? ऑक्टोबर चालू होता, महिनाभरात ठरवायला हवं होतं. डेलोरेस मॅडमनी शनिवारी संध्याकाळी मस्कतमध्येच अझैब्याला त्यांच्या घरी बोलावलं होतं, कॉलेजचं होमकमिंग म्हणून. म्हटलं चला, बाईंनाच सांगू, पोरीला जरा समजवा.

होमकमिंग म्हणजे काय हे मला तिथं गेल्यावर कळलं. दरवर्षी ऑक्टोबरात या कॉलेजांचे जुने विद्यार्थी जगभरातून परत येतात. दहा वर्षांपूर्वीचे, पन्नास वर्षांपूर्वीचे, नातवंडं घेऊन. जाता येत नाही ते असे जमतात. अंगणात दुबईहून, सोहारहून आलेली माणसं होती. भिंतीवर मोठ्या पडद्यावर तिथली मिरवणूक लाइव्ह, ढोल-बिगुलांचा ताफा असा वाजत होता की शेजारचा ओमानी दरवाजा उघडून बघायला आला आणि कॉफी पिऊन गेला. आपली माणसं ऑक्टोबरात नागपूरला लोटतात ना, मला तेच आठवलं.

मॅडम एकेकाची ओळख करून देत होत्या. ही डॉक्टर, हा न्यायाधीशाचा मुलगा, हा पेट्रोलियमवाला. मी उगाच सांगत नाही, त्यांनीच सांगितलं: चर्चच्या तळघरात सुरू झालेली ही कॉलेजं मूठभर, पण अमेरिकेतले काळे डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश मोजायला बसलात तर त्यातला केवढा तरी मोठा वाटा यांच्यातूनच निघालेला. आणि दार पहिल्यापासून सगळ्यांना उघडं. ज्या कॉलेजांनी यांना दार बंद केलं, त्यांच्यासारखं वागायचं नाही, असं ठरवूनच. मी तोंडात बोट घालायचा बाकी होतो. मी 'वेगळं दार' म्हणत होतो, आणि इथं तर वाडाच्या वाडा उभा होता.

मग तो प्रसंग घडला. मॅडमची आई, ऐंशीच्या पुढची म्हातारी, खुर्चीत बसली होती. तिनं माझा हात धरला, निरखून बघितलं आणि विचारलं, तुमची माणसं कोण?

आपल्याकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात? इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात 'गाव कुठलं, आडनाव काय' झालं की पुढचा हाच. मी सवयीनं म्हटलं, "इंडियन. महाराष्ट्र. इंजिनिअर." म्हातारीनं मान हलवली, ते नव्हे म्हणाली, आणि प्रज्ञाकडं वळली.

आणि माझी मराठीत चाचरणारी पोर इंग्रजीत खणखणीत सुरू झाली. आमची माणसं गावाबाहेर राहायची. गावच्या पाण्याला त्यांना शिवू देत नव्हते. माझे आजोबा रात्रशाळेत सही शिकले. माझी आजी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, बोंडांनी तिची बोटं फाटायची, त्यावर ती तेल चोळायची आणि बाबांना शाळेत पाठवायची.

हे हिला कुणी सांगितलं?

म्हातारीनं आपले दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या टोकांशी बारीक पांढरे व्रण. तीसुद्धा लहानपणी कापूस वेचायची. प्रज्ञानं तिथल्या तिथं आजीला व्हिडिओ कॉल लावला. आई भाकरी टाकत होती. तिनं पिठाचे हात पुसून बोटं कॅमेऱ्यासमोर धरली, इकडं म्हातारीनं धरली. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. आई ओरडून म्हणाली, "अगं बाई! तिकडं बी हेच व्हय!" अंगण हसलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "कर अप्लाय."

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. "तू पोरीला हे सगळं कधी सांगितलंस?"

"दर रविवारी सांगते की. ती इचारती."

"मला कधी नाही सांगितलंस."

"तू कधी इचारलंस?"

गेल्या ऑगस्टमध्ये प्रज्ञा गेली. विमानतळावर सुनीता रडली, मी बॅगेच्या वजनावरून काउंटरवाल्याशी हुज्जत घातली. आता रविवारच्या कॉलवर मीही असतो. तिकडं पोरीचं होस्टेल, इकडं अल अमेरात, मधे आई. प्रज्ञा मोडक्या मराठीत विचारते, आई सांगते, मी ऐकतो.

परवा आईनं माझ्या बाबांची गोष्ट सांगितली. बाबा जाऊन सात वर्षं झाली, मी ती ऐकली नव्हती. गावाची मोठी विहीर खणायला आपलीच माणसं होती, बाबा त्यांत सगळ्यांत लहान. पाणी लागलं, घोट्याइतकं झालं. वरून दोर टाकून सगळ्यांना बाहेर काढलं आणि सांगितलं, आता हात लावायचा नाही. बाबा तसेच तहानलेले, चिखलाच्या पायांनी घरी आले.

ज्या विहिरीला टेकून मी गावातल्या पोरांशी गप्पा मारल्या, ती ही विहीर!

"बाबा, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" प्रज्ञानं विचारलं.

"नाही गं."

आई म्हणाली, "बरं झालं लेका. आलास घरी."