स्टुलापुरतं लाकूड

घड्याळकाकांना अख्खी गल्ली ओळखायची. बंद पडलेलं कुठलंही घड्याळ त्यांच्या हातात गेलं की मुकाट चालू लागायचं, ही त्यांची जुनी ख्याती. नवी ख्याती अशी की कुठे घर पाडायला घेतलं, की मुकादमाच्याही आधी काका तिथे हजर! दुकान मुलाच्या हवाली केलं आणि त्यांना सुतारकामाचा नाद लागला. नाद कसला, वेडच ते. मागच्या खोलीत रंधे, करवती, पटाश्या अशा मांडलेल्या, की पाहणाऱ्यानं चपला बाहेर काढाव्यात.

पण हत्यारं असून करायचं काय? वखारीतलं चांगलं लाकूड खिशाला परवडेना आणि परवडेल ते डोळ्यांना पटेना. स्वस्त फळी ओली निघायची. आणताना पट्टीसारखी सरळ, आणि वाळली की पन्हळीसारखी वाकडी. काका एकेक फळी डोळ्यापुढे धरून एक डोळा मिटून बघत बसायचे.

"काका, लाकूड बघताय की मुलगी?" वखारवाला वैतागून विचारायचा.

"मुलगी एकदाच बघितली आणि हो म्हणून टाकलं," काका म्हणायचे. "लाकडाच्या बाबतीत तशी घाई नको."

शेवटी ते जुन्या लाकडाकडे वळले. पाडलेल्या घरांच्या चौकटी, भंगारातली कपाटं, यंत्रं ज्यातून येतात ती देवदाराची खोकी. जुनं लाकूड वाळून शहाणं झालेलं असतं, पण त्याच्या पोटात खिळे असतात. जन्मभर घड्याळांपासून लोहचुंबक लांब ठेवणारा हा माणूस आता खिशात चुंबक घेऊन हिंडायला लागला, आणि फळीवरून तो असा फिरवायचा, जसा डॉक्टर छातीवरून नळी फिरवतो.

काकूंचं मागणं साधं होतं. गुडघे बोलायला लागले होते; ओट्याशी बसून भाजी चिरता येईल असं एक उंच स्टूल हवं होतं.

"बाजारातून आणा की एखादं," त्या म्हणाल्या.

"बाजारचं? माझ्या घरात?" काकांनी कपाळाला हात लावला. "जरा थांब. लाकूड मिळू दे मनासारखं."

काकू थांबल्या. ऋतू बदलला, तरी थांबल्या. मधूनच विचारायच्या, "अहो, माझ्या स्टुलाचं झाड रुजलं का हो?"

आणि एक दिवस जुना छापखाना पाडायला घेतला. ढिगाऱ्यात एक तुळई आडवी पडली होती. वरून काळीठिक्कर, टोकांना कुजलेली. मुकादमाला ती जळण वाटत होती. काकांनी पटाशीनं नखभर खरवडलं आणि आतून मधाच्या रंगाचं सागवान हसलं. काकांना घबाडच सापडलं! मुकादमानं किरकोळ पैशात तुळई सोडली, गिरणीत चिरून तिच्या फळ्या झाल्या, आणि हातगाडी दारात आली तेव्हा काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या.

"आलं वाटतं माझं स्टूल!"

काका फळीवरून हात फिरवत होते. "अगं, हे असलं लाकूड स्टुलात घालायचं? याचं काहीतरी मोठं करायला हवं."

"मोठं म्हणजे काय?"

ते काकांनाही ठाऊक नव्हतं. "बघू. हात अजून बसायचाय माझा."

"बरं बाई," काकू हसल्या. "माझ्या बुडाखाली यायला त्याला कमीपणा वाटत असेल, तर राहू दे."

काकाही हसले. फळ्या चादरीत गुंडाळून भिंतीशी ठेवल्या, आणि स्टूल केलं खोक्याच्या देवदाराचं. एका पायात गाठ होती. आडवी पट्टी जिथे बसते, नेमकी तिथेच. काकांना ती दिसली होती. बोटानं चाचपूनही पाहिली. दुसरा तेवढा लांब तुकडा उरला नव्हता, आणि एका पायासाठी सागवानाला करवत लावायची म्हणजे जिवावर येत होतं. त्यांनी पाय फिरवून गाठ आतल्या बाजूला घेतली आणि वरून पॉलिश मारलं. स्टूल दिसायला देखणं झालं. काकूंनी शेजारणीला बोलावून दाखवलं, "ह्यांनी केलंय, घरात!"

काही महिने ते नीट चाललं. मग एका सकाळी काकू बसल्या बसल्या फळीवरचा डबा काढायला वाकल्या, भार एका बाजूला गेला आणि स्टुलाचा पाय त्या गाठीशी कटकन मोडला. काकू पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात मुलगा समजूत घालत होता, "बाबा, जुनं लाकूड होतं. होतं असं कधी कधी."

काकू म्हणाल्या, "मीच जरा जास्त कलले."

काकांना ते ऐकवेना. मुलगा औषधं आणायला खाली गेला तेव्हा ते कॉटच्या कडेला बसले. "गाठ मला दिसली होती," ते म्हणाले. "मी ती आत वळवली."

काकूंनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाल्या, "आणि ते सागवान?"

"आहे. खोलीत."

"त्याला नाही ना काही झालं?"

ही थट्टा आहे का, हे पाहायला काकांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

काकूंना घरी आणल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की भिंतीला धरायला काहीतरी हवं. काकांनी त्याच दुपारी चादर सोडली. फळ्या चिरल्या, कडा गोल केल्या, काचकागदानं घासून घासून अशा केल्या की रेशमाचा धागा अडकू नये. पलंगापासून न्हाणीपर्यंत कठडा उभा राहिला. इतकं सुरेख काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. हात बसला होता. कदाचित आधीच बसला होता, आणि तेच त्यांना राहून राहून टोचत होतं.

काकू पहिल्यांदा चालल्या, तेव्हा तळवा लाकडावरून हळूहळू सरकत गेला. काका मागे दोन्ही हात पसरून, पण न शिवता. कठडा संपला तिथे त्या थांबल्या. पुढे स्वयंपाकघराचं दार होतं आणि मध्ये नुसती भिंत.

"इथून पुढे?"

"लाकूड संपलं," काका म्हणाले.

"संपलं? तुमच्याकडचं?" काकूंना हसू आलं, त्या हसण्यानं खुबा दुखला असावा, कारण त्यांनी ओठ चावला. टोकाला धरून त्यांनी दारातून ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला, वळवा मला."