चांद्याचं आवतन

आता तुमच्यापासून काय लपवायचं! पेडगावात ही गोष्ट पोराटोरांना माहीत आहे, पिंगळीपर्यंत पोचलीय. फक्त पूर्णेला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, म्हणजे आईच्या कानावर, अजून गेलेली नाही. तेवढं सांभाळा.

मी एम.ए. इंग्लिश. मार्क भरपूर, धीर शून्य. गाड्यांच्या शिट्ट्यांत लहानाची मोठी झाले, पण कुकरची शिट्टी झाली की हातातली कपबशी सोडते. अशा मुलीला आमच्या कॉलेजच्या सरांनी फोन करावा?

"फिनलंडहून एक बाई आल्यात. जनावरांच्या नावांचा अभ्यास करतात. एकेका नावाचे किती अर्थ होतात, ते गोळा करतात. तीन दिवस दुभाषी म्हणून जाशील? नीट केलंस तर पुढं सहा महिन्यांचं काम तुझंच."

सहा महिन्यांचं काम! इकडं घरात माझा बायोडाटा छापून तयार, फोटोसकट. काम मिळालं तर तो कपाटात, नाही मिळालं तर पाहुण्यांच्या हातात. मी "हो" म्हणाले.

दोन दिवस नुसती घोकंपट्टी केली. बाईंचा विषय बैल. इंग्रजीतला बैल शेअर बाजारात उधळतो, नेमबाजाला निशाणाच्या मधोमध त्याचा डोळा दिसतो. फिनिशमध्ये बैल म्हणजे हॅर्कॅ. आकाशातली वृषभ रासही हॅर्कॅच! त्याला शेंगेचा शब्द जोडला की एका जातीचा वाल होतो, डोक्याचा जोडला की हट्टी माणूस.

बाईंचं नाव हेल्मी. पन्नाशीच्या, उंच, हसऱ्या. जीपमध्ये त्यांनी आणखी एक सांगितलं. नाताळचे सण संपले की पुढं थंडीत बरेच दिवस सुट्टीच नसते, नुसतं राबायचं. त्या दिवसांना तिकडं म्हणतात बैलाचे आठवडे!

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे बायकोपुढं मान डोलावणाऱ्या नवऱ्याला नंदीबैल म्हणतात," मी म्हणाले. बाईंनी लगेच वहीत लिहिलं. मला वाटलं, जमलं! सहा महिने पक्के!

पण बैलाचे अर्थ पाठ असणं वेगळं आणि समोर बैल असणं वेगळं, हो ना?

पेडगावात नामदेवकाका म्हणून शेतकरी, त्यांच्या अंगणात दोन उभे होते. चांद्या आणि हिऱ्या. केवढाले ते! चांद्यानं नुसतं नाक फुरफुरवलं आणि मी अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागं. भिंतीकडं तोंड, बैलांकडं पाठ, डोळे घट्ट मिटलेले.

"ये की गं पोरी, काय करत न्हाई त्यो!" काका ओरडले.

"मला इथून ऐकू येतंय, काका!"

पोळा उद्यावर आला होता. काका बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायला लागले होते, हेल्मीबाई वाटी धरून शेजारी. मी भिंतीला तोंड लावून भाषांतर करत होते, रेडिओसारखी. आणि तेवढ्यात काकांचा आवाज आला. एकदम मऊ, अदबीचा.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

आहाहा! किती गोड माणसं! मी मोठ्यांदा भाषांतर केलं, "मॅडम, काका तुम्हाला उद्या जेवायला बोलावतायत!"

हेल्मीबाईंचे डोळे भरले म्हणे. मी बघितलं कुठं? मी भिंत बघत होते.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं. आता काकांना विचारायचं तर वळावं लागणार. मी दिलं ठोकून, "बारा वाजता."

बाईंचं तिकडचं वळण असं की बोलावलं की मिनिटाला हजर व्हायचं, रिकाम्या हाती जायचं नाही, आणि पोटात जागा ठेवून जायचं. त्यांनी सकाळचा नाश्ता केला नाही. मी त्यांना आईचं जांभळं लुगडं नेसवलं, सतरा पिना लावून. त्यांनी स्वतः विणलेला लाल लोकरीचा मफलर भेट म्हणून घेतला. ऐन पोळ्याच्या उकाड्यात! बाराच्या ठोक्याला आम्ही अंगणात.

काका शिंगं रंगवत बसले होते, कोपरापर्यंत लाल. काकू पुरण वाटत होत्या, गालाला पुरण. दोघं आमच्याकडं बघतच राहिले.

"आलाव आमी!" मी म्हणाले.

"या, या," काकू म्हणाल्या. मग हळूच मला, "काय काम काढलंस, बाई?"

"काम कसलं, काकू? जेवायला आलोत. काकांनी आवतन दिलं ना काल!"

काकूंनी काकांकडं असं बघितलं की काकांच्या हातातला ब्रश खाली पडला.

"मी? मी कवा दिलं?"

"तुमीच तर म्हणलात, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या!"

काकांनी ब्रश उचलला. मग चांद्याकडं बोट करून म्हणाले, "अगं माय! त्ये तर मी ह्यास्नी म्हणलो! पोळ्याच्या आदल्या दिशी बैलांस्नी आवतन द्यावं लागतं. तुला ठावं न्हाई?"

ठाऊक असतं तर? आमच्या क्वार्टरमध्ये आजवर पालीशिवाय कुठलं जनावर आलंय?

काकू पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. "अगं, बैल येशीच्या तोरणाखालून येत्याल दिवस मावळताना. त्यास्नी नैवेद दिल्याबिगर घरात कुणी घास घेत न्हाई. आमी समदे उपाशीच हावोत!"

इकडं हेल्मीबाई हसत उभ्या, सतरा पिनांत, रिकाम्या पोटानं. "काय म्हणतायत?"

मला काय काय दिसलं सांगू? सर दिसले, बायोडाटा दिसला, फोटोतला माझा मेकअप दिसला. मी म्हणाले, "म्हणतायत, घर बघून घ्या."

बाईंनी घर बघितलं. दोन खोल्या, पाच मिनिटं. "आता?"

"आता... गोठा बघून घ्या."

गोठाही संपला. मग बाईंच्या पोटातून असा आवाज आला की चांद्यानंसुद्धा वळून बघितलं. माझ्यानं राहवेना. मी रडतच सगळं सांगून टाकलं. आवतन तुमचं नव्हतं. बैलाचं होतं. मी भिंतीकडं बघत होते. वेळही मीच ठोकून दिली.

हेल्मीबाईंनी चांद्याकडं बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग जे हसल्या, जे हसल्या! तीन पिना सुटल्या.

"म्हणजे आमच्याकडं बैलाच्या नावानं बिनसुट्टीचे दिवस," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याकडं बैलाला सुट्टी, वर आमंत्रण! मग मी थांबते. खरे पाहुणे जेवू देत आधी."

आणि खरंच थांबल्या! पुरण वाटायला बसल्या, गोंडे बांधायला लागल्या. बाईंनी दिलेला मफलर काकांनी हातात घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "आवतन ज्याचं, आहेर त्याचा." बांधला चांद्याच्या गळ्यात! गावभर मिरवला तो. दिवस मावळता बैल परत आले, काकूंनी ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मग काका हात धुऊन हेल्मीबाईंपुढं आले आणि तसंच अदबीनं म्हणाले, "बाई, बसा जेवाया."

मी भाषांतर केलं. बाई ताटावर बसेनात.

"यावेळी नक्की मला ना? एकदा बैलाला विचारून घे."

सगळं अंगण हसलं. मीही हसले आणि पाट ओढून बसले. काकू पोळी घेऊन आल्या आणि माझ्यापुढं थांबल्या. "बैलास्नी ह्यांनी आवतन दिलं, बाईला तू दिलंस. तुला गं कुणी दिलं?"

तरी दोन पोळ्या वाढल्या, तुपासकट.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. मी आधीच रडायच्या तयारीत.

"काम तुझं," सर म्हणाले. "मॅडम तुझ्यावर लय खूश. दुसरा कुणी दुभाषी असता तर पोळा असा बघायला मिळाला नसता म्हणतात. फक्त एक अट घातलीय."

"कोणती, सर?"

"तुला पुढं उभं करायचं. तोंडासमोर भिंत नको."

तर आता मी कामावर आहे. परवा एका अंधाऱ्या गोठ्यात गेलो. मी शहाण्यासारखी सगळ्यात पुढं उभी राहिले, डोळे उघडे ठेवून, गोठ्याच्या मालकाला नमस्कारही केला. मागून मालक म्हणाले, "ताई, मी हिकडं हाय. ती म्हैस हाय."