कॅप्टनांचा पाडवा

पंचांगाला न जुमानणारी माणसं पुष्कळ असतील, पण पंचांगालाच आपल्या सोयीने वागायला लावणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका माझा शेजारी. हे आमचे कॅप्टन. सावनेरकडच्या कास्तकाराच्या घरातले, पण बैलजोडी सोडून विमान हाकायला लागलेले. घरी असले की बंडी घालून निंबाखाली खाटेवर आडवे. हा माणूस सकाळीच कलकत्त्याहून आलाय, असं कुणाच्या बापाला वाटलं नसतं. सण आला की हे हमखास आभाळात. मग त्यांची दिवाळी आम्ही फराळाचे डबे घासून ठेवल्यावर, होळी लोकांचे रंग धुऊन झाल्यावर, आणि पाडव्याची गुढी साहेबांना सुट्टी असेल त्या दिवशी. एका वर्षी ती चार दिवस आधीच उभी राहिली. ती पाहून समोरच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या घरात धावल्या आणि कडुनिंब आणला नाही म्हणून बिचाऱ्या नवऱ्याला असं झापलं की विचारू नका! मी हसलो तर कॅप्टन म्हणाले, "काहून हसता गा वकीलसाहेब? मी घरी असलो का पाडवा. बाकीचे दिवस कॅलेंडरवाल्याचे." वहिनी आतून पुरणाचा वास घेऊन बाहेर यायच्या आणि हसून मान डोलवायच्या. त्या घरात साहेब आले की सण, एवढाच नियम होता.

त्यांच्या टेलिफोनचा अर्ज कुठेतरी धूळ खात पडला होता, त्यामुळे कंपनीचे फोन माझ्याकडे यायचे आणि मी भिंतीवरून हाका मारायचो. एकदा धावत आले, फोन घेतला आणि सांगून टाकलं, "नाक चोंदलंय, आज मी विमान उडवणार नाही." मी म्हटलं, "अहो, विमान काय नाकाने उडवता?" तर एकदम गंभीर झाले. "मागं माणसं बसून राहतात ना. पायलटनं तब्येतीचं खोटं बोलू नये गा. बरं नसलं तं लपवू नये, अन् बरं असलं तं आजारी म्हणू नये."

पैशाच्या बाबतीतही तितकेच ताठ. कराराप्रमाणे ठरल्यापेक्षा जास्त तास उडालं की जादा पैसे मिळायचे. पण पायलट मंडळी आपसात ड्यूट्या बदलायची. कुणाच्या बहिणीचं लग्न असलं की त्याच्या जागी आमचे कॅप्टन जायचे. हे बदलीचे तास कंपनी धरायचीच नाही. तुमची आपसातली सोय आहे, म्हणायची, आम्ही कशाला पैसे देऊ? कॅप्टन पेटले. "दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं तरी मजुरी भेटते, अन् इथं फुकट?" पायलटांच्या संघटनेत टेबलावर मुठी आपटून त्यांनी ठराव करून घेतला. अदलाबदल बंद, जादा उडालं तर जादा पैसे. कंपनीनेही मानलं. गल्लीभर संत्राबर्फी वाटली गेली. वहिनींनी तुकडा हातातच धरला आणि म्हणाल्या, "पैसे भेटतीन, चांगलंच झालं. पण अवो, तुमची सुट्टी आता कोणाकडून मागून आणान?" कॅप्टन हसले. बर्फी झकास होती, आम्हीही हसलो.

पुढे वहिनींना पोटाचं दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. कॅप्टनांची सगळी रजा दवाखान्यातच संपली. पाडवा जवळ आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "यंदा गुढी पाडव्यालेच उभारू. सगळ्यांसंगं." नेमकी त्या दिवशी ड्यूटी. कॅप्टनांनी माझ्या घरून एका पायलट दोस्ताला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, मी जातो. मग ऑफिसला फोन केला. तिकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं, "अदलाबदल बंद आहे, कॅप्टन. तुम्हीच बंद करवलीत." मी ओरडलो, "मग आजारी आहे म्हणून सांगा! कोण बघायला येतंय?" त्यांनी फोन ठेवला. "आजारी बायको आहे, वकीलसाहेब. मी नाही." असा राग आला मला त्यांचा! अजूनही येतो.

पाडव्याला साऱ्या गल्लीत गुढ्या होत्या, त्यांच्या गच्चीवर तेवढी नव्हती. माझ्या बायकोने विचारलं, "वहिनी, आमी उभारून देऊ का वं?" तर म्हणाल्या, "राहू दे. साहेब आल्यावर उभारू." दुपारी त्या गेल्या. मी ऑफिसला कळवलं, पण मुंबईत कुणाचं विमान अडलं होतं म्हणून कंपनीने कॅप्टनांना आणखी एका फेरीवर पाठवलेलं. निरोप गेला तेव्हा ते हवेत होते. लोकांनी भराभर गुढ्या उतरवल्या. वहिनींना आम्ही बर्फावर ठेवलं. ज्यांच्यासाठी जन्मभर सगळं थांबवलं, त्यांच्यासाठी आता त्याच थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कॅप्टन आले ते अंगावरच्या गणवेशातच वहिनींजवळ बसले. म्हणाले, "माझ्यासाठी हिनं सारे सण थांबवले गा. हेच काहून नाही थांबवलं?" त्या जादा फेरीचे जादा पैसे पुढच्या पगारात आले, नियमाप्रमाणे अगदी चोख.

त्यानंतर ते पुन्हा संघटनेत भांडले. जादा उडालेल्या तासांचे ज्याला पैसे हवेत त्याला पैसे, ज्याला सुट्टीचा दिवस हवा त्याला दिवस. तेही कंपनीने मानलं. या वेळी बर्फी वाटली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

वर्ष सरल्यावर पाडव्याला मी उठून बाहेर आलो, तर गल्लीतली सगळ्यात पहिली गुढी कॅप्टनांची. आता दरवर्षी ते तो दिवस मागून घेतात. साडी वहिनींचीच, निंबाचा डहाळा, साखरेची गाठी, सगळं जागच्या जागी, तिथीप्रमाणे. समोरच्या काकूंची आता फसगत होत नाही. मीच आपला पाडव्याच्या चार दिवस आधीपासून उगाच त्यांच्या गच्चीकडे बघत राहतो. तिथे काही नसतं.